जोडणारा आणि मोडणारा

वास्तुशिल्पाच्या विद्यार्थ्यांसाठीं ठेवलेल्या एका स्पर्धेचा विषय नुकताच आमच्या पाहण्यांत आला. पोलाद वापरावयाचें, आणि टाकाऊ वस्तूंच्या सहवासांत कसें राहावें हें रचनेनें दाखवावयाचें. विषय ऐकतांच बहुतेकांचें उत्तर तयार असतें: पोलाद लोहचुंबकानें कचऱ्यांतून वेंचतां येतें, पुन्हां पुन्हां वितळवितां येतें, तेव्हां तें वापरलें कीं प्रश्न सुटला. आम्हांस हें उत्तर अपुरें वाटतें.

'वितळवितां येतें' या वाक्याचा कर्ता कोण, हें त्यांत कोठेंच सांगितलेलें नाहीं. भावनगर जिल्ह्यांतील अलंगच्या किनाऱ्यावर 1983 पासून देशोदेशींचीं जुनीं जहाजें मोडलीं जातात. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज किनाऱ्यावर चढवितात. ओहोटी लागली कीं मजूर गॅसच्या ज्योतीनें त्याचे पत्रे कापतात. त्यांच्याच पुढें सळया होतात. परंतु जहाजाबरोबर ॲस्बेस्टॉसही येतो, आणि त्याची धूळ फुप्फुसांत शिरते. 'क्लेमांसो' हें फ्रान्सचें विमानवाहू जहाज अलंगला निघालें असतां याच कारणावरून मोठा वाद झाला, व 2006 सालीं तें परत न्यावें लागलें. सारींच जहाजें अशीं परत जात नाहींत. बांधणाऱ्याचा नफा आणि मोडणाऱ्याचा श्वास यांचा हिशेब एका वहींत कधींच लिहिला जात नाहीं.

कोणी म्हणेल, त्या मजुरांचीं पोटें या धंद्यावरच भरतात. हें खरें आहे, आणि धंदा बंद करा असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र दुसऱ्याच्या गरजेमुळें आपली बेपर्वाई निर्दोष ठरत नाहीं.

जोसेफ पॅक्स्टन यानें 1851 सालीं लंडनच्या हाइड पार्कमध्यें उभारलेला काचमहाल लोखंडाचा व कांचेचा होता. प्रदर्शन संपल्यावर तो तेथून हलवावा लागणार, हें आरंभापासून ठाऊक होतें. त्याची रचना सारख्या, सुट्या भागांची होती. म्हणून तो उकलून सिडनहॅम येथें वाढवून उभारतां आला, व 1854 मध्यें पुन्हां खुला झाला. पुढें 1936 सालीं तो आगींत गेला. परंतु त्याचा धडा कायम आहे. बोल्टांनीं जोडलेली तुळई सोडवून तुळई म्हणूनच दुसऱ्या घरीं नेतां येते. वितळजोड केलेली बहुधा कापावी लागते, आणि मग भट्टीचा अग्नि व माणसाचे श्रम दुसऱ्यांदा खर्ची पडतात.

म्हणून आमची विद्यार्थ्यांस सूचना आहे कीं, उभारणीच्या नकाशाशेजारीं त्यांनीं मोडणीचाही नकाशा काढावा. कोणता सांधा आधीं सोडावयाचा, निघालेला भाग कोठें जावयाचा, आणि सोडविणाऱ्याच्या हातास इजा होईल काय, हें त्यांत असावें. इमारत मोडण्याची वेळ येईल तेव्हां रचनाकार बहुधा हयात नसेल. पण ती मोडणारा माणूस तेथें असेलच. त्याची काळजी आज वाहणें, हाच आमच्या मतें या विषयाचा खरा अर्थ आहे.