कपाटाची खोली

बदलापूर-अंबरनाथच्या जुन्या इमारतींत भिंतीतलं कपाट काढायला मिस्त्री येतो, तेव्हा सांगायला कारणं तयार असतात. प्लायला वाळवी लागली, बिजागऱ्या निखळल्या, सनमायका सुटला. त्यांच्यामागे बहुधा आणखी एक कारण असतं: जागा पुरत नाही. म्हणून नवं कपाट छताला भिडतं, वर लॉफ्टही येतो. ‘जागा पुरत नाही’ हे आपण भिंतीची लांबी सांगावी तितक्या सहज बोलून जातो. मला ते नीतीचं विधान वाटतं. अपरिग्रहाचा, म्हणजे गरजेपेक्षा जास्त न साठवण्याचा, प्रश्न संसारी माणसाच्या घरात उभा राहतो तो सुतार टेप लावतो तेव्हा.

जैन परंपरेत साधू सगळंच सोडतो. गृहस्थासाठी मात्र परिग्रह-परिमाणाचं व्रत आहे. शेत, घर, सोनं, धान्य, भांडीकुंडी यांची मर्यादा त्याने स्वतः ठरवायची. व्रताचं मर्म क्रमात आहे: मर्यादा आधी, वस्तू मागून. वाड्यातलं फडताळ हे काम नकळत करत असे, कारण त्याची खोली भिंतीच्या जाडीइतकी आणि भिंत काही वाढत नाही. आजच्या कपाटाची खोली हँगरवर ठरते, साधारण दोन फूट. दहा फुटांच्या भिंतीला असं कपाट लावलं की वीस चौरस फूट गेले. दहा बाय दहाच्या खोलीचा पाचवा हिस्सा. कर्जाचे हप्ते त्या हिश्श्याचेही भरायचे असतात. आणि रिकामा कप्पा आपल्याला वाया गेल्यासारखा वाटतो, त्यामुळे तो भरतोच. मग पुन्हा जागा पुरत नाही.

यावर जाणकार म्हणतील, परिग्रह मनात असतो, लाकडात नव्हे. राजवाड्यातला जनक विरक्त होता, आणि लंगोटीत जीव अडकलेला बैरागी आसक्तच. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातही परिग्रहाची व्याख्या ‘मूर्च्छा’, म्हणजे भान हरपवणारी आसक्ती, या एका शब्दात केली आहे. व्याख्या मला मान्य आहे. पण तीच परंपरा गृहस्थाला वस्तूंची मोजदाद करायला लावते, कारण आसक्तीला टेप लागत नाही, वस्तूला लागतो. शिवाय लॉफ्टमधल्या मिक्सरच्या खोक्यावर, मानपानात आलेल्या साड्यांच्या गठ्ठ्यावर कुणाचा जीव नसतो. जागा आहे म्हणून ते आहेत, आणि तिथे नेमकं काय आहे हे मालकालाही आठवत नाही. मूर्च्छा या शब्दाचा याहून शब्दशः अर्थ कोणता?

खरा जड आक्षेप उल्हासनगरचा आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत आले आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. आज त्याच शहराच्या फर्निचर बाजारात आजूबाजूची गावं कपाटं घ्यायला जातात. सिंधमधलं भरलं घर टाकून आलेल्या माणसाला अपरिग्रह शिकवणं हा क्रूरपणा आहे. कुलूप लागणारं कपाट ही त्याची पुन्हा उभी राहिलेली पत होती. हिसकावून घेतलेलं व्रतात जमा होत नाही. २६ जुलै २००५च्या पुरानेही बदलापुरात कुणाला वैराग्य दिलं नसावं. खालचे खण पाण्याने फुगल्यावर माणूस सामान वर चढवतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पण भीतीपोटीच्या साठ्यालाही माप असतं. कागदपत्रं, दागिने, अंथरूण-पांघरूण, नेसते कपडे यांना एक-दोन दारं पुरतात. तिसरं-चौथं दार फाळणीच्या किंवा पुराच्या नावावर मांडता येणार नाही. कपाटं लहान झाली तर सुतारांचं काम थोडं घटेल, हेही कबूल करायला हवं. त्यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. मात्र कुणाच्या रोजगारासाठी आपण अडगळ साठवतो, असं सहसा कुणी म्हणत नाही.

सध्या माप आधी दिलं जातं आणि जुनं कपाट नंतर निघतं. मिस्त्रीच्या सोयीचा हा क्रम व्रताच्या नेमका उलट आहे. आधी जुनं कपाट काढावं, आतलं सगळं पलंगावर आणि कोपऱ्यात ढीग करून आठवडाभर राहू द्यावं. गैरसोय होईल, कुणी पाहुणा आला तर लाजही वाटेल. त्या आठवड्यात ढिगातून काय काय उचललं गेलं ते पाहावं, आणि मग सुताराला टेप घेऊन बोलवावं.