गुप्त श्रमांचे श्रेय कोणाचे?

मूल परिसरात ज्यांची धानाची शेती आहे, त्या आमच्या वाचकांस मालगुजारी तलावांविषयी नव्याने काही सांगावयास नको. गोंड राजांच्या अमलात कोहळी लोकांनी, व त्यांच्यासह राबणाऱ्या कित्येकांनी, माती वाहून पाळी घातल्या व पाणी अडविले. पुढे तलावांस नाव मात्र मालगुजारांचे लागले. रोवणीच्या दिवसांत त्या पाण्यावर अवलंबून असणाऱ्या किती जणांस पहिली टोपली टाकणाराचे स्मरण होते बरे? ह्याच प्रकारचा एक प्रश्न गेल्या शतकातील महायुद्धाच्या इतिहासात उत्पन्न झाला आहे. तो आपल्या मंडळ्यांसही फार जवळचा आहे असे आम्हांस वाटते, म्हणून आज त्याविषयी लिहितो.

दुसऱ्या महायुद्धात (१९३९ ते १९४५) जर्मन सैन्य आपले हुकूम बिनतारी यंत्राने पाठवीत असे. असा निरोप शत्रूसही ऐकू येतो, म्हणून तो आधी ‘एनिग्मा’ नावाच्या यंत्रातून काढून अक्षरांची उलटापालट करीत. कळ दाबली की आतील चाके फिरत, व दाबलेल्या अक्षराच्या जागी भलत्याच अक्षराचा दिवा लागे. चाकांची मांडणी रोज बदलत असे. हे गूढ कोणास उकलणार नाही अशी जर्मन अधिकाऱ्यांची खात्री होती. तरी ते उकलले, आणि त्यायोगे अटलांटिक महासागरातून अन्नधान्य घेऊन इंग्लंडास जाणारी पुष्कळ जहाजे पाणबुड्यांच्या तावडीतून वाचली. हे कोणी केले, असे विचारल्यास सुशिक्षित मनुष्य आज बहुधा एकच नाव घेतो, ते अ‍ॅलन ट्युरिंग ह्याचे. हे नाव चुकीचे नाही. ट्युरिंग व गॉर्डन वेल्चमन ह्यांनी ब्लेचली पार्क येथे योजिलेल्या यंत्रांवाचून एवढे मोठे काम झाले नसते. परंतु ह्या एका नावाने हकीकत पुरी होत नाही.

युद्धाच्या सात वर्षे आधी, १९३२ च्या डिसेंबरात, मारियान रेयेफ्स्की ह्या पोलंडच्या तरुण गणितज्ञाने त्या यंत्राच्या आतील तारांची जोडणी केवळ गणिताच्या बळावर व काही चोरट्या कागदांच्या साहाय्याने शोधून काढली. येझी रुझित्स्की व हेन्रिक झिगाल्स्की हे त्याचे सोबती होते. युद्ध डोक्यावर येऊन ठेपले तेव्हा, १९३९ च्या जुलैत, वॉर्साजवळच्या पिरी येथील जंगलात पोलंडच्या अधिकाऱ्यांनी इंग्रज व फ्रेंच पाहुण्यांस बोलावून आपले सर्व ज्ञान त्यांच्या स्वाधीन केले. मोबदला मागितला नाही. पाच आठवड्यांनी त्यांच्या देशावर स्वारी झाली. रुझित्स्की १९४२ साली भूमध्य समुद्रात जहाज बुडून मरण पावला. रेयेफ्स्की १९४६ साली मायदेशी परतला, आणि आपण काय केले हे शेजाऱ्यांस कळू न देता त्याने एका कारखान्याच्या कचेरीत हिशेब लिहीत अनेक वर्षे काढली.

पुढे १९४२ साली जर्मन पाणबुड्यांनी यंत्रात चौथे चाक घातले, आणि कित्येक महिने त्यांचे संदेश वाचता येईनात. त्या वर्षी ऑक्टोबरच्या ३० तारखेस रात्री, मिसर देशाच्या उत्तरेस समुद्रात, बुडू लागलेल्या एका जर्मन पाणबुडीत अँटनी फॅसन व कॉलिन ग्रेझियर हे दोन ब्रिटिश नौसैनिक उतरले. आतून गुप्त पुस्तके ते वर देत राहिले, व पाणबुडी अकस्मात बुडाली तेव्हा तिच्याबरोबर तेही गेले. वरून पुस्तके घेणारा टॉमी ब्राऊन हा जहाजावरच्या खाणावळीत काम करणारा १६ वर्षांचा मुलगा होता, तो वाचला. त्या पुस्तकांमुळे डिसेंबरात पाणबुड्यांचे संदेश पुन्हा वाचता येऊ लागले. गणिताची पदवी ह्या तिघांपैकी कोणाजवळही नव्हती. पण त्या रात्रीचे त्यांचे काम झाले नसते, तर पदवीधर आणखी किती काळ अडून बसले असते?

ह्याशिवाय कानांस यंत्र लावून रात्रंदिवस शत्रूची टकटक अक्षर-अक्षर टिपणारे हजारो लोक होते. अर्थ त्यांस कळत नसे. तथापि अक्षरे चुकली तर पुढील विद्वानाचे श्रम फुकट जात. ब्लेचली पार्क येथे युद्धाच्या अखेरीस सुमारे ९,००० माणसे काम करीत, व त्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. आपल्या देशातही दिल्लीस आनंद पर्वतावर रामजस कॉलेजच्या जागेत असेच एक केंद्र होते. तेथे ब्रिटिशांबरोबर तत्कालीन हिंदी सैन्यातील माणसेही जपानी संदेशांच्या कामावर होती. त्यांपैकी किती जणांची नावे आपणांपैकी कोणास सांगता येतील?

येथे एक अडचण उभी राहते. रेयेफ्स्कीस मिळालेले चोरटे कागद हान्स-थिलो श्मिट नावाच्या जर्मन मनुष्याने पैशासाठी फ्रेंचांस विकले होते. त्यासही श्रेय द्यावयाचे काय? आम्हांस वाटते की, उपयोग व सद्गुण ह्या दोन गोष्टी निरनिराळ्या तोलल्या पाहिजेत. त्याच्या कागदांचा उपयोग झाला हे लपविणे असत्य होय, आणि त्याच्या लोभास देशसेवा म्हणणे हेही असत्यच होय. जे जसे घडले तसे सांगावे. मनुष्याच्या अंतःकरणाचा न्याय करणारा दुसरा आहे.

आता कोणी भाविक वाचक म्हणेल, ‘ही श्रेयाची मोजदाद ख्रिस्ती मनुष्यास शोभते काय? उजवा हात काय करतो हे डाव्यास कळू नये, अशी आपल्या प्रभूची शिकवण नाही काय?’ आहे, आणि ती आम्ही शिरसावंद्य मानतो. परंतु ती शिकवण दान करणारास आहे, दान घेणारास नव्हे. बरे झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच आभार मानावयास परतला, तेव्हा बाकीचे नऊ कोठे आहेत असे त्याच प्रभूने विचारले. स्वतःच्या श्रमांविषयी मौन धरणे ही नम्रता आहे. दुसऱ्याच्या श्रमांविषयी मौन धरणे ही चोरी आहे, मग ती कितीही सभ्यपणे केलेली असो. ब्लेचली येथील लोक शपथेने बांधलेले होते, आणि १९७० नंतरच्या दशकात गुपित फुटेपर्यंत त्यांनी घरीदारी ते मोडले नाही. ते मौन भूषणावह होते. परंतु गुपित उघड झाल्यावर ज्यांनी सांगावयास हवे होते, त्यांनीही बराच काळ पोलंडच्या तिघांची नावे पुसटच घेतली. रेयेफ्स्कीने नावासाठी काम केले नव्हते हे खरे. पण तेवढ्याने इतरांचे ऋण फिटत नाही.

हे सर्व आपणांस कशास पाहिजे, असे कोणी विचारील. बंधुभगिनींनो, आपले वार्षिक अहवाल काढून पाहा. अमक्या गावी इतके बाप्तिस्मे झाले, असे त्यांत लिहिलेले असते व खाली एक सही असते. पावसाळ्यात नाले ओलांडून त्या गावी दहा वर्षे गेलेल्या उपदेशकाचे नाव त्यात असतेच असे नाही. बायांस चुलीपाशी बसून शास्त्र ऐकविणाऱ्या बायबल-स्त्रीचे तर क्वचितच असते. आणि जिने सारे गाव रागावले असता प्रथम आपल्या ओसरीवर घोंगडी अंथरली, त्या म्हातारीचे कोठेच नसते. ज्या मराठी शास्त्राचा आपण रोज आधार घेतो, त्याचे आरंभीचे भाषांतर श्रीरामपुरास विल्यम कॅरे ह्याने केले असे आपण शिकतो. त्या कामी त्यास मराठी शिकविणारे व साहाय्य करणारे पंडित वैजनाथ शर्मा किती मंडळ्यांस ठाऊक आहेत? ते आपल्या धर्माचे नव्हते, म्हणून त्यांचे ऋण कमी होत नाही. लावणारा व पाणी घालणारा ह्यांचा दाखला पौलाने करिंथकरांस दिला, तो वाढविणाऱ्या देवाकडे दृष्टी लागावी म्हणून. लावणाराचे नाव खोडून टाकावे म्हणून तो दिलेला नाही. त्याच पौलाने रोमकरांच्या पत्राच्या शेवटी फीबीपासून आरंभ करून किती नावे घातली आहेत ती मोजून पाहावी.

ह्या बाबतीत दोष आमच्याकडेही आहे. ह्या स्तंभांतही आम्ही पुष्कळदा सही करणाराचे नाव छापले व चालत गेलेल्याचे राहू दिले. तेव्हा आमची विनंती एवढीच की, यंदा धानाची कापणी होऊन उपकारस्तुतीची सभा भरेल तेव्हा प्रत्येक मंडळीने, ज्याचे नाव आजवर मोठ्याने घेतले गेले नाही असे एक तरी नाव उभे राहून घ्यावे, आणि ते मंडळीच्या वहीत लिहून ठेवावे. तो मनुष्य हयात असेल तर कदाचित लाजून खाली पाहील. त्याने खाली पाहावे हे त्याला शोभते. त्याचे नाव घ्यावे हे आपले कर्तव्य आहे.