आजचं चिंतन : आधी मिळालं, पण कशासाठी?



एकनाथी भागवताच्या रोजच्या वाचनात आज आठवा अध्याय आला. अवधूताने जे चोवीस गुरू केले, त्यांतली पिंगला या अध्यायात भेटते. गोष्ट आपल्या सगळ्यांच्या ऐकण्यातली आहे, तरी थोडक्यात सांगतो.

पिंगला ही विदेह नगरीतली गणिका. संध्याकाळी नटूनथटून दारात उभी राहायची. रस्त्यानं कुणी येताना दिसला की तिला वाटायचं, हा थांबेल, भरपूर धन देईल. तो पुढे निघून जायचा. मग ती आत जायची, परत बाहेर यायची. आत, बाहेर, आत, बाहेर. असं करता करता मध्यरात्र झाली. तोंड सुकलं, झोप उडाली. आणि त्याच रात्री तिला उमगलं की जो कायमचा आपल्या हृदयात बसलेला आहे त्याला सोडून आपण रस्त्याकडे डोळे लावून बसलोय. तिनं ती आशाच टाकली आणि निवांत झोपली. अवधूत तिला गुरू म्हणतो तो या झोपेसाठी.

हे वाचताना मला हातातला फोन आठवला. हसू नका, खरंच सांगतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये जायचं, ‘सॉफ्टवेअर अपडेट’ उघडायचं, ‘तपासा’ वर बोट दाबायचं. उत्तर येतं, आपला फोन अद्ययावत आहे. चहा पिऊन झाला की परत तेच. पुण्यातल्या मित्राला नवीन आवृत्ती आली, मग आपल्याला का नाही? रात्री दिवा मालवल्यावर पुन्हा एकदा बोट तिथंच. पिंगलेचं दार लाकडाचं होतं, आपलं काचेचं आहे. आत-बाहेर मात्र तेवढंच!

आता ज्यांना यातलं फारसं ठाऊक नाही, त्यांच्यासाठी जरा सांगतो. फोन ज्याच्यावर चालतो ती मूळ प्रणाली दर वर्षी नवी येते. ती सगळ्यांना देण्याआधी कंपन्या एक कच्ची आवृत्ती हौशी लोकांना वापरायला देतात. तिला बीटा म्हणतात. गूगलने अँड्रॉइडसाठी अशी नावनोंदणी २०१६ मध्ये सुरू केली. ॲपलने त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०१५ मध्ये, आयफोनची चाचणी आवृत्ती सर्वसामान्यांना खुली केली. अँड्रॉइड १६ चंच घ्या. त्याची पहिली बीटा जानेवारी २०२५ मध्ये आली आणि पक्की आवृत्ती १० जून २०२५ ला. म्हणजे ज्यानं नाव नोंदवलं त्याला जवळपास साडेचार महिने आधी मिळालं.

पण मिळालं काय? कच्चं मिळालं. काही ॲप बंद पडणार, बॅटरी लवकर उतरणार, कुठे फोन मध्येच अडणार. हे कंपन्या लपवत नाहीत. ॲपल सांगतं, आधी बॅकअप घ्या. गूगल सांगतं, पक्की आवृत्ती यायच्या आत बीटा सोडून मागे फिरलात तर फोनमधलं सगळं पुसलं जाईल. आणि पक्की आवृत्तीसुद्धा सगळ्यांना एकाच दिवशी मिळत नाही. आधी थोड्या फोनांवर जाते, काही बिघडत नाही ना ते बघतात, मग हळूहळू बाकीच्यांकडे येते. आपल्याला उशिरा मिळालं म्हणजे आपल्याला कुणी डावललं असं नसतं. आपल्या आधी कुणीतरी ठेचा खाल्लेल्या असतात, म्हणून आपल्याला रस्ता साफ मिळतो.

आमच्या सिडकोतल्या गल्लीत एक मुलगा आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वडील आदल्या दिवाळीत गेले. आई शिवणकाम करते. तिच्या खात्यात गिऱ्हाइकांचे पैसे येतात ते या मुलाच्याच फोनवर, कारण घरात स्मार्टफोन एकच. फाल्गुनात एका संध्याकाळी तो धावतच आला. “काका, हे बघा! वर्गात कुणाकडेच नाहीये अजून.” पडद्यावर नवी चिन्हं, नवे रंग. पोराचा चेहरा असा फुललेला की कुणाचंही मन हललं असतं. वडील गेल्यापासून तो असा हसलेला मी पाहिला नव्हता.

आठवड्याभरात तोच चेहरा उतरलेला दिसला. बँकेचं ॲप उघडेना. आईचे पैसे आले की नाही, कळेना. मागे फिरावं तर फोन पुसला जाणार. आणि त्या फोनमध्ये वडिलांचा आवाज होता. ते रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायचे, आजारपणातसुद्धा. या मुलानं ते थोडं थोडं करून रेकॉर्ड करून ठेवलेलं. चाळीसेक तुकडे असतील. दुसरीकडे कुठेच प्रत नाही. बॅकअप घ्या हे तिथं लिहिलेलं होतं, पण नवं मिळण्याच्या घाईत ते वाचतो कोण?

त्या रात्री आम्ही माझ्या लॅपटॉपला केबल लावून एकेक तुकडा उतरवून घेतला. उतरला की नाही याची खात्री म्हणून प्रत्येक लावून ऐकायचा. त्याची आई शेजारी बसलेली. आवाज सुरू झाला की ती पदर तोंडाला लावायची, पण उठून गेली नाही. मध्येच खोकल्याची उबळ यायची आणि त्यानंतर पुढचा चरण. सगळे तुकडे उतरेपर्यंत साडेअकरा वाजले.

आवाज तर सुरक्षित झाला. पण पोरगा चिडलेला. “कसली फालतू आवृत्ती दिली यांनी!” तेव्हा त्याची आई जे बोलली ते मी जसंच्या तसं सांगतो. ती दर वर्षी नाथषष्ठीला पैठणला जाते. म्हणाली, “नाथमहाराजांनी एका पैसाठी रात्र जागवली. तुला चूक सापडलीय ना? मग नुसता चिडतोस काय, सांग की त्यांना!”

मंडळी, ती पैची गोष्ट आपल्याच मातीतली आहे. इथून थोड्याच अंतरावर देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला. तिथं जनार्दनस्वामी किल्लेदार होते आणि एकनाथ लहानपणी पैठणहून त्यांच्याकडे येऊन राहिले. पुढे त्यांच्याकडे हिशोबाचं काम आलं. एकदा हिशोबात एका पैचा फरक लागला. एक पै! कुणी म्हटलं असतं, जाऊ द्या. नाथ दिवा लावून बसले, रात्रभर वह्या चाळल्या. पहाटेच्या सुमाराला चूक सापडली आणि त्यांनी आनंदानं टाळी वाजवली. त्या टाळीनं जनार्दनस्वामी जागे झाले. म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग हा जन्मभराचा घोटाळा सापडला तर केवढा होईल? हेच चित्त भगवंताकडे लाव.

बघा, स्वामींनी ‘हिशोब क्षुल्लक आहे, सोडून दे’ असं नाही म्हटलं. ज्या मनाला दुसऱ्याच्या वहीतली एक पै स्वस्थ बसू देत नाही, तेच मन परमार्थाला उपयोगी पडतं, हे त्यांनी ओळखलं.

त्या मुलानं दुसऱ्या दिवशी बसून नीट लिहून पाठवलं. ॲप कधी उघडत नाही, उघडताना काय दिसतं, फोन बंद करून सुरू केला तर काय होतं. चाचणी आवृत्तीत असं कळवायची सोय असतेच. खरं तर आधी देण्यामागचा मुख्य हेतू तोच असतो. मग त्यानं मागे न फिरता पक्की आवृत्ती येईपर्यंत थांबायचं ठरवलं. मधले दिवस सोपे नव्हते. आई गिऱ्हाइकांकडून रोख घ्यायची, पोरगा विजेचं बिल भरायला रांगेत उभा राहायचा. काही आठवड्यांनी चाचणीचीच पुढची आवृत्ती आली आणि बँकेचं ॲप उघडलं. त्याच्या एकट्याच्या कळवण्यानं झालं असं काही म्हणता यायचं नाही, कळवणारे पुष्कळ असतील. तो मात्र मला म्हणाला, “काका, पक्की आवृत्ती सगळ्यांना येईल तेव्हा कुणाच्या आईचं ॲप बंद पडणार नाही.” यावेळी तो वर्गात कुणाकडे नाही हे सांगायला आला नव्हता. हा त्याचा दुसरा आनंद होता, आणि मला त्यात नाथांची टाळी ऐकू आली.

म्हणजे आधी मिळण्यात दोष नाही. आधी मिळालेलं अपुरं असतं आणि ते सेवा मागतं, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

नाथांचं भागवतसुद्धा लोकांच्या हाती आधी अपुरंच गेलं. परंपरा सांगते ती हकिकत अशी. एकतीस अध्यायांपैकी पहिले पाच पैठणला लिहून झाले होते. ते काशीला पोचले. तिथं घाटावर कुणी ते वाचताना एका मठाधिपतींच्या शिष्याच्या कानावर पडले. भागवत, आणि तेही प्राकृतात? मोठा क्षोभ झाला. नाथांना काशीला बोलावणं गेलं. नाथ गेले. ‘अजून पुरं झालेलं नाही, झाल्यावर बघा’ अशी सबब त्यांनी सांगितली नाही. अपुरा ग्रंथ विद्वानांपुढे ठेवला, प्रश्न ऐकले, उत्तरं दिली. ज्यांनी दोष काढायला बोलावलं होतं त्यांनीच मग म्हटलं, बाकीचं इथंच पुरं करा. शके १४९५, म्हणजे इसवी सन १५७३, कार्तिकी पौर्णिमेला वाराणसीत ग्रंथ संपूर्ण झाला. आज आपण जी पिंगला वाचली, ती आठव्या अध्यायातली. म्हणजे या परंपरेप्रमाणे ती त्या परीक्षेनंतर लिहिलेली!

आणि दुसरं. नव्याची आपल्याला एवढी ओढ, पण ‘नवी आवृत्ती’ म्हणजे काय हे नाथांनी आणखी एकदा दाखवलं. ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली गेली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. पुढे हातानं प्रती होत गेल्या. लिहिणाऱ्यांकडून शब्द बदलले, कुणी आपल्या पदरच्या ओव्या घुसडल्या. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला. एवढे मोठे कवी, स्वतःची एखादी ओवी घालणं त्यांना काय अवघड होतं? त्यांनी घातली नाही, आणि पुढच्यांनाही घालू नका म्हणून बजावलं. जे बिघडलं होतं ते दुरुस्त केलं आणि बाजूला झाले. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो ती या कामाची आठवण म्हणून.

खरी सुधारणा ती अशी. नवी चिन्हं, नवे रंग हा वरचा साज. आतली चूक निघाली का, हा प्रश्न.

इथं एक सावधगिरीची गोष्ट. हे वाचून कुणी म्हणेल, मग आम्ही अपडेट करतच नाही, आम्हाला कसला मोह नाही! तसं नको. सुरक्षेची दुरुस्ती फोनवर येऊन पडलीय आणि आपण महिनोन्‌महिने ‘नंतर आठवण करा’ दाबत राहतो, त्याला वैराग्य म्हणत नाहीत. तो आळस. पिंगलेनं आशा सोडली, पण दाराला कडी लावायची ती लावलीच असेल की! आपली पक्की आवृत्ती आली की वेळेवर घ्यावी. चाचणीची आवृत्ती घ्यायची असेल तर ज्या फोनवर घरचा पैसा किंवा कुणाचा आवाज आहे त्यावर घेऊ नये. आणि घेतली तर चुका कळवाव्यात.

आजचा नेम एवढाच. दिवसभरात जिथं जिथं ‘मला आधी’ असं मन म्हणेल, दर्शनाच्या रांगेत, बसच्या दारात, पंगतीत, फोनवर, तिथं त्याला एकदा विचारायचं: आधी मिळालं तर त्यातून दुसऱ्या कुणाचं काही सोपं होणार आहे का? होणार असेल तर खुशाल पुढे व्हा, पैठणकरांचा आशीर्वाद आहे. होणार नसेल तर पिंगलेसारखं दार लावा आणि निवांत झोपा.

उद्या नववा अध्याय. टिटवीपासून सुरुवात आहे, जमलं तर आधी वाचून या.

रामकृष्णहरी!