उतारू की खलाशी?

कॅनडातले दहा सेंटचे नाणे आपल्या हातून शेकडो वेळा गेले असेल. त्यावरचे जहाज कधी निरखून पाहिले आहे का? १९३७ पासून नाण्यावर असलेले ते जहाज म्हणजे 'ब्लूनोज'. नोव्हा स्कोशियातल्या लुनेनबर्ग गावी २६ मार्च १९२१ रोजी ते पाण्यात उतरले. शर्यतींमुळे ते गाजले, पण मुळात ते कॉड मासे पकडणारे शिडाचे गलबत. १९६३ साली त्याच गावात त्याची प्रतिकृती 'ब्लूनोज २' बांधली गेली.

इंजिने असताना माणसे मुद्दाम शिडाच्या जहाजावर का जातात? "पैसेवाल्यांची हौस!" असे मीही म्हणत असे. पुढे आमची लेक पंधरा वर्षांची असताना लेक ओंटारिओवर अशाच एका प्रशिक्षण-जहाजावर आठवडाभर गेली. या सरोवरावर ही परंपरा जुनी आहे. किंग्स्टनचे 'सेंट लॉरेन्स २' हे दोन डोलकाठ्यांचे जहाज तर मुलांच्या प्रशिक्षणासाठीच १९५३ साली बांधले गेले.

घरी स्वतःचे ताट उचलायचा कंटाळा करणारी ही मुलगी परतली ती हाताला घट्टे पाडून. म्हणाली, "बाबा, तिथे उतारू कोणीच नसतं. सगळे खलाशी." रात्री दोनला पहाऱ्याची पाळी आली की उठायचे. आपण उठलो नाही, तर आधीच दमलेल्या मैत्रिणीला थांबावे लागते. मोठे शीड एकट्याने चढत नाही. सकाळी ज्याच्याशी भांडलो, दुपारी त्याच्याच शेजारी उभे राहून दोर ओढायचा. रागावून निघून जायला तिथे दार नाही. आणि पाणी टाकीत असेल तेवढेच.

आपल्याकडचे उदाहरण 'तारिणी'चे. गोव्यात बांधलेल्या या शिडाच्या नौकेतून भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी गोव्याला परतल्या. इतके महिने सहा जणी एका छोट्या नौकेत! तिथेही उतारू कोणी नव्हते.

पण म्हणून जुने दिवस सोन्याचे होते असे मानायचे कारण नाही. १९२६ आणि १९२७ च्या ऑगस्टमधल्या वादळांत लुनेनबर्गची गलबते माणसांसकट बुडाली. समुद्रात गेलेल्यांच्या नावांचे स्मारक त्या गावात आहे. पोटासाठी जे जीव धोक्यात घालत होते, त्यांच्या कष्टांना आपण ऊबदार घरात बसून 'संस्कार' म्हणू नये. शिवाय एक आठवडा शीड ओढल्याने पर्यावरणही वाचत नाही. आम्ही भारतात जातो ते विमानानेच.

मग उरते काय? माझ्या मते, मर्यादेची जाणीव. शिडाच्या काळात मासेमारीला वाऱ्याची आणि माणसाच्या हातांची मर्यादा होती. यंत्रांनी ती दूर केली, महाकाय ट्रॉलर आले आणि कॉड इतका घटला की २ जुलै १९९२ रोजी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरची कॉडची मासेमारी सरकारला थांबवावी लागली. हजारो कुटुंबांची रोजीरोटी गेली. शीडवाले आपल्याहून पुण्यवान होते असे नाही. त्यांना जास्त ओरबाडता येत नव्हते, इतकेच. आपल्याला येते. म्हणूनच, निसर्गाने घातलेली मर्यादा सुटल्यावर माणूस आपण होऊन मर्यादा पाळेल का, हा खरा प्रश्न आहे. इंजिन असताना शीड उभारणारी मुले निदान त्याचा सराव तरी करतात.

हे सगळे मी लेकीला मोठ्या उत्साहाने समजावून सांगत होतो. तिने शांतपणे विचारले, "बाबा, मग मंडळात आपण कोण?"

मला उत्तर सुचेना. इतकी वर्षे गणपतीला आम्ही वेळेवर जायचो, आरती म्हणायचो, जेवायचो, नाटक पाहायचो आणि पार्किंगमध्ये गर्दी व्हायच्या आत गाडी काढायचो. मोदक कोणी वळले, हॉल कोणी झाडला, याचा कधी विचारही केला नाही. वर्गणी भरली की झाले! म्हणजे तिकीट काढलेले उतारूच की आम्ही. आणि या देशात तरी आम्ही दुसरे काय होतो?

त्या वर्षी आम्ही प्रथमच शेवटपर्यंत थांबलो. खुर्च्या आवरताना कंबर धरली, पण ज्यांची नावेही ठाऊक नव्हती अशा चार जणांशी ओळख झाली. त्यानंतर दरवर्षी थांबतो.

यंदाही थांबणार आहोत. खुर्च्या पुष्कळ आहेत. आपणही या!