कॅमेऱ्याला माहीत नसतं

घटनेत सापडलेल्या माणसांनीच केलेलं चित्रण मागाहून कुणाच्या तरी हाती लागलं, अशा बतावणीवर 'फाउंड फुटेज' भयपट उभा असतो. तो भिववतो कशामुळे? ठरलेलं उत्तर असं, की प्रेक्षकाला ते सगळं खरं वाटतं. १९९९ साली 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' आला तेव्हा त्यातले तिघे विद्यार्थी मेरीलँडच्या जंगलात खरोखर बेपत्ता झाल्याची हवा केली गेली होती, आणि अनेकांना ते पटलंही होतं. पण आज ते तिघे नट होते हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही रात्री एकट्याने तो चित्रपट पाहताना अंगावर काटा येतो. म्हणजे कारण आणखी खोल असलं पाहिजे.

ते कारण मला कॅमेऱ्यात दिसतं. नेहमीच्या भयपटातला कॅमेरा सर्वज्ञ असतो. भूत कुठे आहे, कधी येणार, हे त्याला आधीच माहीत असतं. तो दाराच्या कडीकडे सरकला की आपण सावध होतो, संगीत चढू लागलं की डोळ्यांवर हात घेतो, धक्का बसून गेला की सैलावतो. आपल्या वतीने कुणीतरी बघतंय, हा फार मोठा दिलासा असतो. फाउंड फुटेज नेमका तोच काढून घेतं.

ओरेन पेली यांचा 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' (२००७) पाहा. सॅन दिएगोमधल्या स्वतःच्या घरात, आठवड्याभरात, सुमारे १५ हजार डॉलरमध्ये त्यांनी तो चित्रित केला. रात्रीच्या प्रसंगांत कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर. उजवीकडे पलंग, त्यावर झोपलेलं जोडपं. डावीकडे उघडं दार आणि पलीकडे अंधारा पॅसेज. खालच्या कोपऱ्यात घड्याळाचे आकडे. आता बघायचं कुठे, हे कुणी सांगत नाही. नजर दारावर जाते, तिथून पांघरुणाकडे, पुन्हा दाराकडे. दार बोटभर हललं की काय? प्रेक्षक नकळत त्या खोलीचा राखणदार होतो, आणि राखणदाराला झोप नसते. एका रात्री त्या जोडप्यातली केटी उठते, पलंगाशेजारी उभी राहून झोपलेल्या प्रियकराकडे बघत राहते. चित्रण वेगाने पुढे पळतं, तास उलटतात, ती जागची हलत नाही. एक क्लोज-अप मिळता तर तिच्या मनात काय आहे याचा अंदाज आला असता. तो मिळत नाही, कारण कॅमेऱ्याच्या लेखी ती आणि पलंग सारखेच.

२०११ च्या तिसऱ्या भागापर्यंत हाती भरपूर पैसा आला होता, पण सूत्र तेच राहिलं. तिथे कॅमेरा फिरत्या टेबल फॅनच्या बैठकीवर बसवलेला आहे. तो स्वयंपाकघराकडून दिवाणखान्याकडे वळतो आणि परत येतो. मुलांना सांभाळायला आलेल्या मुलीच्या मागे चादर पांघरलेली आकृती दिसते, आणि कॅमेरा आपल्या ठरल्या गतीने वळत राहतो. जिथे बघायलाच हवं तिथून आपली नजर तो ओढून नेतो.

'ब्लेअर विच'मध्ये तर दाखवायलाच काही नाही. काळोखात तंबूबाहेर मुलांचे आवाज येतात, तंबू गदगदा हलतो. रात्री काय होणार हे नटांनाही सांगितलेलं नव्हतं. शीर्षकातली चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही, आणि त्या न दिसण्यावर चित्रपटाने जगभरात सुमारे २५ कोटी डॉलरचा गल्ला जमवला.

क्रेन नाही, दिवे नाहीत, भूत उभं करायला पैसे नाहीत, तेव्हा कॅमेरा आपोआप अडाणी राहतो. तुटपुंज्या बजेटचा या प्रकाराला होणारा फायदा तो हाच. मात्र नुसता स्वस्तपणा पुरत नाही. जीव मुठीत धरून पळणाऱ्याच्या हातातला कॅमेरा नेमका भुताच्या तोंडावर स्थिरावतो, तेव्हा तो पुन्हा जाणता होतो आणि भीती तिथेच संपते. या प्रकारातले कितीतरी चित्रपट याच चुकीने पडले आहेत.

म्हणून फोनवर भयपट करू पाहणाऱ्या तरुणांना कळकळीने सांगावंसं वाटतं : भूत कसं दाखवायचं याची चिंता मागाहून करा. आधी कॅमेऱ्याला काय माहीत नाही ते ठरवा, आणि मग शेवटपर्यंत त्याला ते कळू देऊ नका.