दोन सर्व्हर, एक पेटी

केबिन रोडवरच्या एका पतपेढीची ही गोष्ट. पेढी लहान, पण खातेदार भरपूर: भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलची भांडी पॉलिश करणारे कामगार, भाजीवाल्या, रिक्षावाले, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बायका. रोजचे पन्नास-शंभर पिग्मीत टाकायचे आणि दिवाळीला काढायचे. २०१९ च्या वार्षिक सभेत सेक्रेटरी भाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "आता आपला हिशेब दोन-दोन सर्व्हरवर आहे. एक पडला तर दुसरा दहा सेकंदांत उभा राहतो." टाळ्या पडल्या.

संचालक मंडळात अण्णा होते. रेल्वेतून केबिनमन म्हणून निवृत्त झालेले आणि राहायलाही केबिन रोडवर, त्यामुळे 'केबिन'ची थट्टा कायमची त्यांच्या पाठी. त्यांनी विचारलं, "दुसरा कुठं ठेवलाय?"

"पोटमाळ्यावर."

"आणि पहिला?"

"तोही तिथंच. पेटी एकच आहे, अण्णा. आत दोन आहेत."

सभा हसली. तेवढ्यात वडे आले आणि विषय तिथंच राहिला.

भाऊ खोटं बोलत नव्हते. एका दणकट यंत्राच्या पोटात तीन-चार वेगळे संगणक असल्यासारखे चालवता येतात; त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. पेढीच्या पेटीत अशी दोन होती. मुख्य मशीनवर पिग्मीची पावती चढली की त्याच क्षणी ती दुसऱ्यावरही चढायची. मुख्य मशीन अडकलं की दुसरं खरोखरच पुढे यायचं, तसं एकदा-दोनदा आलंही होतं. फक्त दोघांची वीज एक, डिस्क एक, पंखा एक. मोठ्या डेटा सेंटरांत अशी जोडी एका यंत्रावर ठेवूच नये असा दंडक असतो, आणि तो सॉफ्टवेअरमध्ये नोंदवून ठेवता येतो. पेढीत दुसरं यंत्रच नव्हतं.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. बाहेरचं ग्रिड कोसळलं तर मुंबईला त्यातून अलग काढायचं आणि इथल्याच विजेवर चालू ठेवायचं, अशी 'आयलंडिंग'ची व्यवस्था शहराकडे कित्येक वर्षं होती. तिचा अभिमानही होता. नेमकी त्या सकाळी तीही कामाला आली नाही.

पेढीचा यूपीएस वीस मिनिटं टिकला. तेवढ्यात मशीन रीतसर बंद करता आली असती, पण 'आत्ता येईल' म्हणत सगळे पंख्याकडे बघत बसले. वीज आली ती झटका देऊनच, आणि पेटीतलं डिस्क सांभाळणारं कार्ड जळालं. दोन्ही सर्व्हर एकदम आडवे. रोज रात्री स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या वेळची प्रत, घेतला जात होता. तोही त्याच डिस्कवर.

दुसऱ्या दिवशी शटरवर कागद लागला: 'तांत्रिक कारणास्तव व्यवहार बंद.' पतपेढीच्या दारावर असा कागद म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. दुपारपर्यंत नाक्यावर बातमी पसरली की पेढी बुडाली. तोंडाला मास्क, हातात पासबुक, अशी रांग लागली. एक भाजीवाली शटर हातानं वाजवत होती. तिला आत घेऊन भाऊंनी पाणी दिलं. ती म्हणाली, "पाणी नको भाऊ, आकडा दाखवा." तो आकडा भाऊंकडे नव्हता.

पेढीचं संगणकाचं काम पाहणारी तरुण मुलगी होती, तिला सगळे ताईच म्हणत. लोकल तेव्हा सर्वांना खुली नव्हती. ती बसनं लॅमिंग्टन रोडला गेली, दुकानं पालथी घातली आणि चौथ्या दिवशी त्याच मॉडेलचं जुनं कार्ड घेऊन आली. डिस्क वाचली होती. आकडे परत आले. नशीब, दुसरं काय!

पुढची सभा गंभीर झाली. ताईनं मांडलं: एक नवं यंत्र गोडदेवच्या शाखेत ठेवायचं आणि जोडीतलं दुसरं मशीन तिकडे हलवायचं. अंतर थोडं, त्यामुळे प्रत्येक नोंद दोन्हीकडे लिहून झाल्यावरच पावती छापायची. तिसरी प्रत पुण्याला, भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर. लांबच्या मशीनसाठी प्रत्येक पावती अडवून धरायची तर काउंटरवर रांग लागेल, म्हणून पुणं पाच मिनिटं मागे चालेल. केबिन रोड आणि गोडदेव एकाच वेळी गेलं, तर फार तर शेवटच्या पाच मिनिटांच्या नोंदी हातानं भराव्या लागतील.

"पाच मिनिटं तरी का गमवायची?" भाऊंनी विचारलं.

"न गमावण्याचाही खर्च असतो, भाऊ. तो सांगू?"

भाऊंनी हात जोडले. अण्णांचा प्रश्न मात्र वेगळा होता. "दोन्ही यंत्रं धडधाकट आहेत, पण मधली तारच तुटली. मग गोडदेवला काय वाटेल?"

"की केबिन रोड गेलं."

"आणि ते स्वतःच मुख्य होऊन बसेल. इकडचंही आपण मुख्यच समजून पावत्या फाडत राहील. एकाच खात्याचे दोन हिशेब!"

ताई बघतच राहिली. या दुखण्याला तिच्या पुस्तकांत मोठं नाव होतं, आणि अण्णांनी पुस्तक उघडलेलं नव्हतं. त्यांची निम्मी नोकरी मराठवाड्यात, सिंगल लाइनवर गेलेली. ते सांगू लागले: दोन स्टेशनांत दोन यंत्रं, एकमेकांना तारेनं बांधलेली. पलीकडच्यानं संमती दिली तरच अलीकडच्या यंत्रातून पोलादी गोळा सुटायचा. तो ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी हलायची नाही. एक गोळा बाहेर असला की दुसरा कुठल्याच टोकाकडून निघायचा नाही. "आणि तार तुटली तर गोळाच सुटायचा नाही. गाडी उभी. प्रवासी शिव्या घालायचे. पण समोरासमोर दोन गाड्या यायच्या नाहीत. थांबलेल्या गाडीबद्दल मेमो मिळतो पोरी, धडकलेल्या गाडीबद्दल काय मिळतं?"

त्यावरून ठरलं की पुण्याच्या यंत्रानं साक्षीदाराचं कामही करायचं. तिघांपैकी दोघांचं जमलं तरच कुणीतरी मुख्य होईल. एकटं पडलेलं यंत्र आपणहून गप्प बसेल.

यंत्रं बसली. भाऊंचा जीव भांड्यात पडला आणि कामही तिथंच थांबलं. ताई सांगायची, एकदा मुद्दाम बंद करून पाहू. भाऊ म्हणायचे, चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?

अशात २४ फेब्रुवारी २०२१ आला. बीकेसीतल्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले आणि थेट दुपारी पावणेचारला सुरू झाले. बाजारानं दोन टेलिकॉम कंपन्यांच्या लाइनी घेतल्या होत्या, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. दोन्ही एकाच दिवशी गडबडल्या. चेन्नईला अख्खं पर्यायी केंद्र होतं. तिकडे कारभार हलवलाच नाही. पुढे सेबीनं मुदत घालून दिली: अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करा आणि तिथून पंचेचाळीस मिनिटांत काम उभं करा. माझ्या मते यातली पहिली अट जास्त कठीण आहे. यंत्र हलवायला बटण असतं, 'आता हलवा' म्हणायला माणूस लागतो, आणि पाच मिनिटांत जुनं सुरू झालं तर आपलं हसं होईल या भीतीनं तो माणूस थांबून राहतो.

अण्णांनी ती बातमी कापून भाऊंच्या टेबलावर काचेखाली सरकवली. बोलले काहीच नाहीत. पुढच्या रविवारी तालीम ठरली.

गोडदेवचं मशीन झकास पुढे आलं. मग ताई म्हणाली, "आता समजा तिन्ही गेली आणि वेगळा ठेवलेला रात्रीचा बॅकअपच उरला." बॅकअपवर महिनोन्‌महिने हिरवी खूण येत होती. फाइल उघडायला गेले, तर तिला कुलूप. खातेदारांची माहिती म्हणून ती सांकेतिक करून ठेवलेली. किल्ली कुठं? केबिन रोडच्या सर्व्हरवर, 'महत्त्वाचे' नावाच्या फोल्डरमध्ये. खरा प्रसंग असता तर नेमका तोच सर्व्हर जळालेला असता. भाऊंना घाम फुटला. ताईनं त्यांना गिटलॅब या कंपनीची हकिकत सांगितली: ३१ जानेवारी २०१७ ला एका इंजिनिअरच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. बॅकअपचे पाच मार्ग होते, ऐन वेळी एकही धड निघाला नाही. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी कुणीतरी काढलेली प्रत होती, तिनं तारलं. किल्लीचा कागद त्याच संध्याकाळी पाकिटात घालून अण्णांच्या कपाटात गेला, दुसरा बँकेच्या लॉकरमध्ये.

तो बॅकअप पुढच्याच वर्षी कामाला आला. मार्चअखेर नव्या कारकुनानं व्याज दोनदा चढवलं, मग घाबरून ते काढताना मूळ नोंदीही पुसल्या. केबिन रोडवर पुसल्या त्या क्षणी गोडदेवलाही पुसल्या गेल्या, पाच मिनिटांत पुण्यालाही. तिन्ही यंत्रं ठणठणीत आणि तिन्हींत तीच चूक! आदल्या रात्रीचा बॅकअप उघडला, त्यावर दिवसभराच्या व्यवहारांचा लॉग चूक होण्याआधीच्या मिनिटापर्यंत चढवला, आणि सहाच्या आत हिशेब जुळला. कारकुनाला भाऊ ओरडले नाहीत. पुढच्या तालमीत बॅकअप उघडायचं काम त्यालाच दिलं.

२ मार्च २०२४ ला, शनिवारी, शेअर बाजारानं खास सत्र ठेवलं: आधी मुख्य केंद्रावरून खरे सौदे, मग पर्यायी केंद्रावरून, तेही खरेच. अण्णांनी लगेच मंडळात विषय काढला. "रविवारी शटर बंद करून तालीम कसली? सोमवारी करा. काउंटरवर माणसं असताना."

"लोकांसमोर फजिती झाली तर?"

"चार वर्षांपूर्वी कुणासमोर झाली होती?"

सोमवारी साडेअकराला भाऊ स्वतः पोटमाळ्यावर चढले. खाली सात-आठ खातेदार उभे होते. भाऊंनी वरूनच मोठ्यानं सांगितलं की आता मुद्दाम बंद करतोय, घाबरू नका, आणि स्विच खाली केला. पडदे काळे झाले. एका रिक्षावाल्यानं "गेलं का परत?" म्हणून विचारलं. ताईच्या घड्याळात चाळीस सेकंद झाले, तेव्हा पहिल्या काउंटरवरचा प्रिंटर खरखरला. दुसऱ्या काउंटरला गोडदेवची लाइन मिळेना. राउटरमधला जुना पत्ता बदलायचा राहून गेला होता, त्यात अकरा मिनिटं गेली.

भाऊ खाली आले, हाताची धूळ झटकली आणि वहीत लिहिलं: 'राउटर. अकरा मिनिटं.' मग कॅलेंडर उलटून पुढच्या महिन्यातल्या एका सोमवारवर गोल केला. भाजीवाली रांगेत पुढे सरकली होती. तिनं पासबुक काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी मी दुपारी येईन. सकाळी माल उतरतो."