दानाची दवंडी

दान गुप्त असावे की लोकांसमोर यावे, हा प्रश्न ख्रिस्ती मनाला नवा नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू दानधर्माचा गाजावाजा करणाऱ्यांना खडसावतो. त्याच शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात मात्र दिवा झाकून न ठेवता घरातल्या सर्वांना प्रकाश मिळेल असा ठेवावा, अशी शिकवण आहे. हे दोन्ही उपदेश डोंगरावरच्या एकाच प्रवचनातले. पहिल्यात दात्याच्या अहंकाराला चाप आहे, दुसऱ्यात सत्कृत्याच्या उपयोगाची जाण आहे. त्यामुळे दोहोंपैकी सोयीचा तेवढा उचलण्याची मुभा आपल्याला नाही.

हाच प्रश्न आज सेवाभावी संस्थांपुढे नव्या रूपात उभा आहे. ज्या संस्थेला वर्तमानपत्रातली चार ओळींची जाहिरातही परवडत नव्हती, ती आता फेसबुक किंवा व्हॉट्सअॅपवरून हजारो घरांत विनामूल्य पोहोचते. सोबत क्यूआर कोड दिला की पन्नास रुपयांची देणगीसुद्धा क्षणात जमा होते. ही साधने वापरावीत की नाही, हा वाद आम्हांला निरर्थक वाटतो. ती वापरताना कोणाचा मान खर्ची पडतो, हे मात्र पाहिलेच पाहिजे.

दूरच्या माणसांना आपल्या कार्याशी जोडून घेण्याची विद्या महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली इंग्रजीत पुस्तक लिहून बालविधवांची दशा अमेरिकन वाचकांपुढे मांडली. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनमध्ये त्यांच्या साहाय्यासाठी मंडळ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे मदतीची हमी घेतली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, ते या बळावर. पुढे साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंडाची कल्पना रुजवली. दळणाच्या वेळी बाजूला काढलेल्या मूठभर धान्यावर वसतिगृहातली मुले जेवली आणि ती मूठ काढणारी माउली रयत शिक्षण संस्थेची भागीदार झाली. दोन्हीकडे मदत करणाऱ्याला नुसते हळहळायला लावले नव्हते; त्याच्यावर काही जबाबदारी टाकली होती.

मग आज बदलले काय? वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरी या गावाचे उदाहरण घेऊ. कापूस, तूर, सोयाबीन अशी पावसाच्या भरवशावरची पिके घेणारा हा पश्चिम विदर्भाचा पट्टा. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांतून त्याचे नाव महाराष्ट्रभर गेले. समजा, अशा गावातल्या एखाद्या विधवेला एका संस्थेने शिलाई यंत्र दिले. यंत्राभोवती पाहुणे उभे राहिले, मधोमध ती मान खाली घालून उभी राहिली आणि छायाचित्र निघाले. बोस्टनच्या वाचकाने मंडळाचा अहवाल वाचला, तेव्हा तो अहवाल फिरून हिंदुस्थानातल्या त्या मुलीच्या गल्लीत येण्याचा संभव फारसा नव्हता. आज वसईच्या देणगीदाराच्या हाती पडलेले चित्र तासाभरात इंझोरीला परत येते. त्या बाईचा मुलगा शाळेत जातो, तेव्हा शेजारच्या बाकावरच्या सोबत्याने ते पाहिलेले असते. जिच्याविषयी आपण लिहितो, तीही आता आपली वाचक आहे.

"पण चेहरा दाखवल्याशिवाय पैसा येत नाही," असे कार्यकर्ते म्हणतात. ही अडचण खोटी नाही. देणगी आटली तर पुढच्या घरी यंत्र पोहोचणार नाही, हे ओझे त्यांच्या खांद्यावर असते. संबंधित व्यक्तीची संमती घेतली होती, असेही ते सांगतात. परंतु ज्याच्या हातून मदत घ्यायची, त्याला नाही म्हणण्याची मोकळीक गरजवंताला कितीशी असते? संमती विचारायचीच, तर मदत देऊन झाल्यावर विचारावी, आणि नकार दिल्याने काहीही बिघडणार नाही हे आधी स्पष्ट करावे. मुलांच्या बाबतीत तर कायद्यानेच रेषा आखली आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रकट करण्यास मनाई करते. त्यात नावाबरोबर पत्ता आणि शाळाही आली. डोळ्यांवर काळी पट्टी ओढली आणि खाली शाळेचे नाव छापले, तर त्या पट्टीला अर्थ उरत नाही.

शिवाय करुणेच्या झटक्याने आलेली माणसे टिकतात किती? २०१२ च्या मार्चमध्ये युगांडातील बंडखोर नेता जोसेफ कोनी याच्याविरुद्ध एका अमेरिकन संस्थेने काढलेली चित्रफीत सहा दिवसांत दहा कोटी वेळा पाहिली गेली. त्याच वर्षी २० एप्रिलच्या रात्री शहरोशहरी भित्तिपत्रके लावण्यासाठी समर्थकांना बाहेर बोलावले, तेव्हा फारच थोडे आले. याउलट पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये तीन तालुक्यांतून जलसंधारणाची स्पर्धा सुरू केली. त्यांपैकी वरुड हा वाशीमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातला. दूरचित्रवाणी आणि मोबाइल यांचा वापर त्यांनीही भरपूर केला. पण पडद्यावर दिसला तो कुदळ चालवणारा गावकरी. १ मे २०१८ रोजी इंटरनेटवर 'जलमित्र' म्हणून नाव नोंदवलेली शहरातली माणसे गावोगावी गेली आणि त्याच गावकऱ्यांच्या शेजारी उभी राहून त्यांनी माती उपसली. जिथे घाम एकत्र गळतो, तिथे दाता कोण आणि याचक कोण, हे सांगणे कठीण होते.

यावरून संस्थांनी काय घ्यावे? झालेले काम दाखवावे, आलेल्या रुपयाचा हिशेब मांडावा, फसलेला प्रयत्नही सांगावा. दर वेळी पैसाच न मागता कधी दोन तास, कधी एखादे कौशल्य मागावे. देणगीदाराने प्रश्न विचारला तर उत्तर द्यावे. आभाराचे तयार फूल पाठवून मोकळे होऊ नये. आणि आपल्या पायावर उभी राहिलेली बाई स्वतःहून बोलू इच्छित असेल, तर तिचे शब्द तिच्याच बोलीत जाऊ द्यावेत.

आपल्या धर्मग्रामांतून संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद गरजूंच्या घरी जातात. फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये हे काम आरंभले. त्यांच्या सभेत गुप्त थैली फिरते. कोणी किती टाकले ते कोणालाच कळत नाही. जमलेल्या रकमेची नोंद मात्र चोख होते. माणूस झाकावा आणि हिशेब उघडा ठेवावा, ही ती रीत. मोबाइलच्या पडद्यालाही ती लागू पडावी, असे आम्हांला वाटते.

म्हणून मजकूर पाठवण्यापूर्वी तो मनातल्या मनात इंझोरीच्या पारावर वाचून पाहावा. तिथे कोणाची मान खाली जात नसेल, तर तो खुशाल वसईला पाठवावा, आणि त्याहून दूरही.